डुकरांना अहो-जाहो करणारे डॉक्टर

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर भेळ खाताना वरची कोथिंबीर नको म्हणणारी बाई मी एकटीच असेन. भेळवाला मला आता ओळखतो. लांबून मला बघितलं की म्हणतो, "बिनाकोथिंबिरीची ना, ताई?" आणि बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून असा हसतो, की त्याची चटणी त्याच्याच डोक्यावर ओतावीशी वाटते. पण चूक त्याची नाही. चूक आमच्या डॉक्टरांची. त्या माणसानं माझी भेळ कायमची बिघडवली आणि आता भांडायला जावं तर माणूस जाग्यावर नाही. गेल्या उन्हाळ्यात गेले. अजून मला त्यांचा रागच येतो, आणि राग आला की रडू येतं, म्हणून आज हे लिहायला बसले.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. त्यातही डुकरांचे. लोक त्यांना मागं 'डुकरडॉक्टर' म्हणायचे आणि त्यांना ते माहीत होतं. पाबळच्या बाजूच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला जन्म. घर माळकरी, चुलीवर कधी अंडं उकडलेलं नाही. "बाप मेंढरांमागं फिरला, मी डुकरांमागं. घराण्याची पायपीट काही सुटली नाही," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. आम्हाला हसू यायचं नाही, कारण ती पायपीट आमच्याही नशिबी होती.

शिरूरमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत आमची लहानशी प्रयोगशाळा होती. मी तिथं टेक्निशियन. शिरूर आणि दौंड भागातल्या डुकरांचं रक्त आणायचं, त्यात एका पटकृमीच्या अँटीबॉडी सापडतात का ते बघायचं, एवढं आमचं काम. हजर झाले त्या दिवशी मी सगळी सर्टिफिकेटं फाइलला लावून नेली होती. डॉक्टरांनी फाइल उघडलीच नाही. म्हणाले, "बाई, कोथिंबीर धुता का?"

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. "धुते की."

"कशी?"

"पाण्यानं."

"हं," म्हणाले, आणि मला नळाशी नेऊन एक अख्खी जुडी काडी काडी सुटी करून धुवायला लावली. आधी साध्या पाण्यात, मग विहिरीत टाकतात त्या लाल औषधाच्या पाण्यात, मग परत साध्या. मी मनात म्हटलं, नोकरी मिळाली का स्वयंपाक? हळूहळू कळलं, की त्या माणसाच्या लेखी ही धुण्याची परीक्षाच मोठी होती.

जेवायला बसले की त्यांच्या डब्यातली काकडी त्या औषधानं जांभळट दिसायची. दुसऱ्याच्या डब्यातलं कच्चं काही खायचे नाहीत आणि आपण खाताना बघवायचंही नाही त्यांना. एकदा वडगाव रासाईला ओळखीच्या घरी लग्न होतं. पंगत बसली, कोशिंबीर वाढली, आणि डॉक्टर उठून थेट आचाऱ्याकडं. ही काकडी कुठल्या रानातली? पाणी कुठलं? भाजी कशात धुतली? आचारी म्हणाला, नदीकाठचं रान आहे, पाण्याला काय कमी. झालं. डॉक्टर पंगतीत परत आले आणि मोठ्यानं सांगायला लागले, की नदीला वरच्या शहराचे संडास मिळतात, ते पाणी रानात जातं, आणि त्यातली न दिसणारी अंडी आत्ता तुमच्या ताटात असू शकतात. अर्धी पंगत हात आखडून बसली. नवरीचा बाप हात जोडून आला. "डॉक्टर, पाया पडतो. एक तर जेवा, न्हाई तर जावा." डॉक्टर निमूट गेले. मला मात्र मागं थांबून सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागल्या.

"कुठं काय बोलावं ते कळायला नको का?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"खरं होतं का खोटं?"

"खरं होतं."

"मग?"

त्या 'मग'पुढं माझं काही चालायचं नाही. खरं असलं की ते बोलायचं, सगळं बोलायचं, समोरच्याला पेलवतंय का नाही ते बघायचं नाही. वरच्या साहेब लोकांनी त्यांना किती वेळा समजावलं असेल. उलट ते साहेबांच्याच खनपटीला बसायचे.

आता तो कृमी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. हा किडा मोठा होतो तो माणसाच्या पोटात. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. डुकरानं ती विष्ठा खाल्ली की त्याच्या मांसात तांदळाएवढ्या गाठी धरतात. ते मांस कच्चं राहिलं तर माणसाच्या पोटात परत किडा. पण ती अंडी भाजीबरोबर सरळ माणसाच्या तोंडात गेली, तर गाठी माणसाच्याच अंगात धरतात, कधी मेंदूत. मग फिट येते. म्हणजे डुकराला हात न लावलेल्या, मांसाचा तुकडा न चाखलेल्या माणसालाही हा रोग होतो. "डुकराला रोग देतो माणूस," डॉक्टर म्हणायचे, "आणि नाव घेतो डुकराचं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की कान किटले.

अँटीबॉडीचंही त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. घरात चोर शिरला की आपण पहारेकरी ठेवतो. चोर मेला, पळाला, तरी पहारेकरी काही दिवस दारात उभे राहतात. "आपली टेस्ट चोर बघत नाही, बाई. पहारेकरी बघते. पहारेकरी दिसले म्हणून घरात चोर आहेच, असं नाही." टेस्टच्या प्लेटमधल्या बारक्या खळग्यांत पिवळा रंग चढला, की पहारेकरी आहेत असं आम्ही समजायचो.

आणि डुकरांशी वागणं! नाकाडाला फास टाकून डुक्कर धरलं की ते असं किंचाळतं, की वस्तीतली कुत्रीसुद्धा पळतात. डॉक्टर त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचे, तेही अहो-जाहो करून. "झालं बरं का, बाई. आता तुम्हाला त्रास नाही. थोडं थांबा." मुकादमाला अरे-तुरे करणारा हा माणूस डुकरिणीला 'तुम्ही' म्हणायचा. खिशात गुळाचे खडे असायचे. रक्त काढून झालं की एक खडा तिला, एक स्वतःला. तोच हात, तोच खिसा. कोथिंबिरीला लाल औषध आणि गुळाला काही नाही. मी हटकलं की म्हणायचे, "गुळात अंडी नसतात."

कांद्याची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कुणी बुक्कीनं कांदा फोडला की डॉक्टर जेवणावरून उठायचे. चिरलेला चालायचा, फोडलेला नाही. मला वाटायचं, हेही आणखी एक खूळ. एकदा दौंडहून परतताना न्हावऱ्याला चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर एकानं भाकरीबरोबर कांदा फोडला. डॉक्टर चहा टाकून जीपमध्ये जाऊन बसले. मी चिडून मागं गेले. "अहो, काय हे? माणसानं जेवायचं नाही का?"

समोरच्या काचेतून बाहेर बघतच ते बोलले. त्यांना एक धाकटी बहीण होती. तिला फिट यायची. फिट आली की घरची माणसं ओरडायची, आणि कांदा फोडून तिच्या नाकाशी धरायचं काम डॉक्टरांचं. तेव्हा ते शाळेत होते. देवऋषी झाले, अंगारे झाले. शेवटी पुण्याला नेऊन डोक्याचा फोटो काढला, तर मेंदूत गाठी. तोवर उशीर झाला होता. माळकऱ्याच्या पोरीला डुकराचा रोग कसा झाला, म्हणून भावकीत नाही नाही ते बोललं गेलं. आई त्या बोलण्यानंच खचली.

"बहीण मला विचारायची, दादा, मी बरी होणार ना? मी म्हणायचो, होणार. मला माहीत होतं, होणार नाही. डॉक्टरांनी बाबांना सांगितलेलं मी ऐकलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळे तिच्याशी खोटं बोलत होतो." मग म्हणाले, "ती गेली त्या दिवशी ठरवलं, बाई. आता कुणाला खोटं सांगायचं नाही."

त्या दिवसापासून मी त्यांच्या कोथिंबिरीला हसले नाही. निदान तोंडावर तरी नाही.

दौंडला रेल्वे लाइनच्या पलीकडं एक वस्ती होती. तिथं एक मावशी राहायची. एकटी. नवरा गेलेला, लेक लांब दिलेली. तिचं पोट तिच्या डुकरांवर होतं आणि जीवही त्यांच्यातच होता. मोठ्या डुकरिणीचं नाव राणी. हॉटेलांतलं उरलंसुरलं मावशी बादलीत गोळा करून आणायची आणि राणीला आपल्या हातानं कालवून घालायची. डॉक्टरांवर तिची भारी माया. "ह्यो डागदर आमच्या राणीला मानानं बोलतो," असं ती अख्ख्या वस्तीला सांगायची.

आम्ही तिच्याकडं गेलो तेव्हा राणी नुकतीच व्यालेली होती. कोवळ्या पिलांचं रक्त घ्यायचं नाही, असा आमचा नियम. डॉक्टरांनी राणीचं रक्त काढलं, गूळ दिला, उठले. तर मावशी पिलं पदराच्या ओट्यात घालून उभी.

"ह्यास्नी बी द्या की सुई."

"मावशी, ही द्यायची सुई नाही. रक्त घ्यायची आहे. ह्यांना नको."

"राणीला दिली, मंग ह्यास्नी का न्हाई? लहान जीव हायती. उद्या काय रोगराई आली तर?"

डॉक्टर तिथंच बसून तिला सगळं समजावत बसले. पटकृमी, पहारेकरी, सगळं. मावशी मान डोलवत होती आणि पिलं पुढं करत होती. तिच्या लेखी सुई म्हणजे औषध, आणि डागदरानं आपल्या पिलांना ते नाकारलं तर त्यात आपलंच काही चुकलं असणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डॉक्टरांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. एकेक पिलू मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब रक्त काढलं. प्रत्येकाला 'झालं हं' म्हणाले. मावशीचा चेहरा खुलला. मला म्हणाले, "राहू द्या बाई, करून बघू. तिचं समाधान."

प्लेट लावली तेव्हा राणीच्या खळग्यात पिवळा रंग चढला. पिलांच्याही चढला, सगळ्यांच्या. मला धक्का बसला. डॉक्टर मात्र खुर्चीतून उठून उभेच राहिले. आनंदानं. "अहो, हा आईचा चीक आहे! ह्यांनी पहिला चीक प्यायला, त्यातून आईचे पहारेकरी ह्यांच्यात आले. ह्यांच्या घरात चोर कधी शिरलेलाच नाही. बघा तरी, बाई. आई लेकरांना काय काय देते बघा." मेंढपाळाच्या घरातला माणूस, त्याला चिकाचं मोल सांगावं लागत नाही. राणीच्या जिभेखाली बोट फिरवून बघितलं होतं, तिथंही गाठ लागली नव्हती. तेव्हा पिलं मोठी झाली की परत रक्त घ्यायचं, चिकाचा असर ओसरलेला असेल आणि खळगे कोरे राहतील, असं आमचं ठरलं. तोवर बोलण्यासारखं काही नव्हतं.

पण डॉक्टर बोलले.

वस्तीच्या शेजारी नव्या इमारतींची एक कॉलनी उभी राहिली होती. तिथल्या लोकांना डुकरं नको होती. डुकरं फाटकातून आत शिरायची, कचरा उकरायची. तक्रारी चालू होत्या. वस्तीला संडास नव्हते. डॉक्टरांच्या डोक्यानं घेतलं, की कॉलनीतल्या शिकल्यासवरल्या माणसांना नीट समजावलं तर ती वस्तीला संडास मिळवून द्यायला मदत करतील. कॉलनीच्या बैठकीत त्यांनी वेळ मागून घेतली. मीही गेले होते. खुर्च्या मांडलेल्या, चहा झालेला. डॉक्टर तासभर बोलले. डुकराला रोग देतो माणूस. संडास झाले तर हा किडा जागच्या जागी संपेल. सगळं बरोबर. मग अँटीबॉडीवर आले आणि त्यांना राणीची पिलं आठवली. त्या पिलांचा दाखला त्यांना इतका सुंदर वाटायचा, की तो सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. "ह्या शेजारच्या वस्तीतल्या एका घरी, आईच्या रक्तात आणि तिच्या सगळ्या पिलांच्या रक्तात आम्हाला अँटीबॉडी सापडल्या," ते म्हणाले. मग चीक आला, पहारेकरी आले, चोर नाही हेही आलं. मी समोर बघत होते. 'सापडल्या'च्या पुढं कुणी ऐकतच नव्हतं. एकजण मोबाइल धरून बसला होता.

संध्याकाळपर्यंत ते एवढंच वाक्य कॉलनीच्या ग्रुपवर फिरत होतं. पुढचं मागचं कापलेलं. डॉक्टर स्वतः सांगतात, वस्तीतल्या डुकरांना रोग आहे. कॉलनीत लहान मुलं, म्हातारी माणसं. भ्यायली बिचारी, मी त्यांना तरी काय म्हणू? दोन दिवसांनी कुणीतरी बाहेरगावचा डुकरं धरणारा ठेकेदार बोलावला आणि जाळ्या लावलेली गाडी वस्तीत घुसली. मावशीच्या शेजारणीनं फोन केला तेव्हा आम्ही शिरूरला होतो. मागून मावशीचा आवाज येत होता. डॉक्टरांनी फोन माझ्या हातात दिला, मीच बोलले.

आम्ही पोचलो तेव्हा खोपटं रिकामं होतं. मावशी कॉलनीच्या फाटकाशी जाऊन बसली होती. डॉक्टर तिच्याकडं गेले नाहीत. आधी ठेकेदाराला शोधायला धावले. गाडी कुठं गेली, कुणी विकत घेतलं, विचारत विचारत दुसऱ्या दिवशी सकाळी ठिकाण सापडलं. उशीर झाला होता. सगळी कापलेली होती.

दुसरा कुणी असता तर तिथून परत फिरला असता. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. जीभ, काळीज, खांद्याचं मांस, जिथं जिथं गाठी धरतात तिथं तिथं स्वतः चिरून बघितलं. राणीचं आणि पिलांचंही. मी ट्रे धरून उभी होते. एकही गाठ नव्हती. मांस कसं स्वच्छ, लालबुंद. डॉक्टर नळाखाली हात धुवायला गेले आणि धुतच राहिले. शेवटी मीच नळ बंद केला.

जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "मावशीकडं जायचं."

"आज नको."

"तिला वाटत असेल, तिच्या जनावरांना रोग होता. लोक तसंच सांगत असतील तिला."

"वाटू द्या की," मी म्हटलं. "रोगी होती म्हणून नेली, असं वाटलं तर निदान मनाची समजूत तरी घालेल. तुम्ही जाऊन काय सांगणार, की चांगली होती आणि उगाच मेली? अहो, कशाला तिचा जीव घेताय?"

"तिला खरं कळायला पाहिजे."

"कुणासाठी? तिच्यासाठी का तुमच्यासाठी?"

हे मी बोलले, आणि अजूनही मला ते चुकीचं वाटत नाही. डॉक्टरांनी ड्रायव्हरला सांगितलं, "वस्तीवर चला."

मावशी खोपटाच्या दारात बसली होती. रात्रभर झोपली नसावी. आम्हाला बघून उठली, सवयीनं पदर सारखा केला. डॉक्टर तिच्यापुढं उभे राहिले.

"मावशी, तुमच्या एकाही जनावरात काही नव्हतं. मी स्वतः बघितलं. राणी चांगली होती. पिलं चांगली होती."

मावशीच्या चेहऱ्यावर हसू आलं. असं काही होईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती शेजारणीकडं वळली. "बग. मी म्हनत न्हवते? आता डागदरच सांगत्यात." मग डॉक्टरांना म्हणाली, "मंग कवा आनायची माघारी? आजच आना. राणीला दुसऱ्याच्या हातचं खायाची सवय न्हाई." आणि आत जाऊन बादली घेऊन आली. कालवून ठेवलेलं होतं. कालपासून ती वाट बघत होती.

डॉक्टर त्या बादलीकडंच बघत राहिले. मावशीनं माझ्याकडं बघितलं. "त्यास्नी काय झालं? कवा आनायची?"

मी पुढं झाले. काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते, काय ते माझं मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी हातानं मला थांबवलं. "मी सांगतो, बाई."

ते तिच्यासमोर मातीत खाली बसले आणि सांगायला लागले. आपण कॉलनीत काय बोललो ते. त्यामुळं गाडी आली ते. आपल्याला पोचायला उशीर झाला ते. काही नव्हतं हे आपल्याला कसं कळलं, कुठं कुठं चिरून बघितलं, तेही. एक अक्षर गाळलं नाही. मावशी बादली धरून उभी होती. मधे एकदा तिनं भिंतीला हात लावला. शेजारणीनं तिला धरायला हात पुढं केला, तर तो तिनं बाजूला सारला.

डॉक्टरांचं सांगून संपलं. ते मान खाली घालून बसले होते, शिव्या खायला तयार असल्यासारखे. मीही वाट बघत होते, की ती ओरडेल, निदान रडेल तरी.

"एवढं न्हाई सांगितलं असतं तरी चाललं असतं, डागदर," मावशी म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली.